राजकेळीची आढी

एका राज्यात घाईला पराक्रम म्हणत. घोडा फेसाळला तरी न थांबणारा तो शूर, घास चावण्याआधी गिळणारा तो भाग्यवान, आणि पेरल्या दिवशीच शेतात जाऊन कोंब शोधणारा तो शहाणा. अशा राज्याचा राजा कसा असावा, ते वेगळे सांगायला नको. भानुविक्रम त्याचे नाव. तलवारीला पक्का, मनाने मोकळा, दानाला सढळ; पण धीर म्हणून अंगात औषधालाही नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असे लोक उगाच म्हणतात, पण या राजाने स्वतःच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना खरोखरच तीनदा अंतरपाट बाजूला सारून पाहिले. पलीकडे नवरी यशोमती हसली, म्हणून तेवढ्यावर निभावले.

यशोमती नदीपलीकडच्या केळीच्या मुलखातली. सासरी येताना तिने दागिन्यांच्या पेटीशेजारी ओल्या फडक्यात बांधून राजकेळीची रोपे आणली आणि वाड्यामागे बाग लावली. त्या बागेची केळी हातभर लांब, सालीला मधाचा रंग, आणि आतला गर असा की दात नसलेल्या म्हाताऱ्यानेही आशीर्वाद द्यावा. त्या केळ्यांसाठी दरसाल एक पाहुणा येई. धूम्रजटी नावाचा मांत्रिक. त्याच्या जटांमधून निळा धूर निघे, त्याच्या हाकेने डोंगर बाजूला सरकत. विद्या एवढी थोर, पण मागणे एवढेसे: वाड्यात पिकलेले एक राजकेळे. ते तो ओसरीवर बसून खाई, तृप्त होई, राज्याला आशीर्वाद देई आणि जाई.

एका वर्षी राणीला नववा महिना लागला होता. उठबस अवघड झाली. राजा म्हणाला, "राणी, यंदा आढी मी घालतो."

आढी म्हणजे पेंढ्याची ऊबदार गादी. तिच्यात कच्ची फळे मांडायची, वरून झाकायची आणि विसरून जायचे. मांडणे सोपे, विसरणे अवघड. राजाने आढी मांडली छान. पण सकाळी उठला की पेंढा उचलून पाही, स्नान झाले की पाही, दरबारात जाता जाता पाही, दरबार सोडून येऊन पाही. दर वेळी आतली ऊब भसकन बाहेर जाई. पाहुण्याचा दिवस उजाडला तेव्हा केळी होती तशी, पोपटासारखी हिरवीगार.

राजा गांगरला. मग त्याला युक्ती सुचली. पी हळद अन् हो गोरी, असे आपण म्हणतो ना, तसेच त्याने केले. हळद तुपात कालवली आणि केळ्यांना फासली. केळी पिवळीधमक दिसू लागली.

धूम्रजटी ओसरीवर बसला. त्याने केळे हाती घेतले, साल ओढली. साल सुटेना. बोटांना चीक लागला. भला माणूस, यजमानाचा मान ठेवावा म्हणून त्याने तसाच एक घास घेतला. तोंड असे तुरटले की जीभ टाळूला चिकटली, आणि जिभेवरचे मंत्र जिभेवरच अडकले. तो पाणी प्याला, तळहात पाहिला. तळहात पिवळा झाला होता.

"राजा," तो म्हणाला, "फळ कच्चं होतं याचा मला राग नाही. कच्चं आहे असं सांगितलं असतंस, तर मी वाट पाहिली असती. तुला वाट पाहवत नाही ना? मग तुझ्या राज्यात कशाचीच वेळ येणार नाही. या राज्यात पिकलेलं केळं माझ्या हातावर येईल, बोट लावताच त्याची साल सुटेल, त्या दिवशी माझा शाप सुटेल."

एवढे बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

त्या दिवसापासून त्या राज्यात काही पिकेना. भाताची लोंबी दुधातच राहिली. आंबा कैरीच राहिला. दही लागेना, पीठ आंबेना, बरणीतले लोणचे मुरेना. कोठारातले जुने धान्य तळाला गेले. आणि यशोमतीचे दिवस भरेनात. नववा महिना लागला तो लागलाच. एक वर्ष गेले, दुसरे गेले, तिसरे गेले. पोटातले बाळ हलायचे, पाय मारायचे, पण बाहेर यायची त्याची वेळ काही येईना. राणीचे पाय सुजले, गाल बसले. ती भिंतीला टेकून चालायची आणि तरी कुणी विचारले तर म्हणायची, "बाळ बरं आहे." पण तिच्या अंगातली ताकद रोज थोडी थोडी ओसरत होती, आणि हे तिला कळत होते.

राजाने काय केले नाही? परराज्यातून पिकली केळी आणवली. वेशीवर चौकी बसवली. पिकले फळ आणणाऱ्याने गाठोडे आधी उघडून दाखवावे असा हुकूम काढला. पण चौकीवर गाठोडे सुटे आणि साऱ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी केळी हिरवी होत. बागेतले घड उतरवायला शिपाई धाडले, तर तिथे मांत्रिकाने नाग बसवलेला. जो चुकीच्या घडाला हात घाली त्याचा हात कोपरापर्यंत हिरवा होई. सेनापतीचे दोन्ही हात हिरवे झाले. तो बिचारा हातमोजे घालून दरबारात बसे.

आता कमलजा येते, आणि खरे सांगायचे तर ही गोष्ट तिचीच आहे. कमलजा ही राजाची थोरली बहीण, लांबच्या राज्यात दिलेली. नणंदा-भावजयांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य जगाला ठाऊक आहे. पण या दोघी एकमेकींवर जीव टाकत. यशोमतीने निरोप धाडला, "वन्सं, मला आता फार दिवस निघतील असं वाटत नाही." निरोप ऐकला आणि कमलजेने हातातले ताट बाजूला ठेवले, घोड्यावर बसली आणि निघाली.

वेस ओलांडून ती राज्यात आली आणि एका जुन्या बेहड्याच्या झाडाखाली घोड्याला विसावा द्यायला थांबली. झाडाच्या खोडात एक ढोली होती, तिचे तोंड चिखलाने लिंपलेले. फक्त एक फट. तेवढ्यात एक धनेश पक्षी आला, पंखांचा घों घों आवाज करीत. मोठी चोच, चोचीवर शिंग. त्याने घशातून एक पिकले लाल उंबर काढले आणि फटीतून आत दिले. दुसरे काढले, ते चोचीतून निसटले. जमिनीला टेकले मात्र, कमलजेच्या डोळ्यांसमोर हिरवे झाले.

"धनेशा," कमलजा म्हणाली, "या राज्यात तुला पिकलं उंबर मिळालं कुठून?"

"राजकन्ये, नदीपलीकडून," धनेश म्हणाला. "आत माझी बायको अंड्यांवर बसली आहे. तीन वर्षं झाली, अंडी फुटत नाहीत. ती बाहेर येत नाही, मी थांबत नाही."

"पण वेशीवर तर सारी फळं हिरवी होतात."

"शाप तीन वाटांनी फळात शिरतो. या राज्याची माती लागली की, या राज्याचं पाणी लागलं की, आणि या राज्यात माणसाची नजर लागली की. मी फळ घशात आणतो. माती नाही, पाणी नाही, नजर नाही."

"आणि तुझी बायको, अंडी? त्यांचं कसं काय चाललंय ते तू कधी पाहत नाहीस?"

"पाहायला भिंत फोडावी लागेल. मी चोच आत घालतो, तिची चोच लागते. तेवढ्यावर माझं भागतं."

 हे ऐकून कमलजेने हात जोडले. "या राज्यात केळं पिकवायचं आहे. वाट सांग."

धनेश म्हणाला, "कामं तीन. बागेतून जून घड उतरव. नदीपलीकडून एक पिकलं फळ आण. पिकल्या फळाच्या शेजारानंच कच्चं फळ जागं होतं. आणि दोन्ही एका आढीत झाकून ठेव. माती, पाणी आणि नजर तिन्ही वेळा टाळ. फळानं आपणहून वासानं हाक मारली की मग खुशाल उघड. जे इथंच, आपल्या वेळेनं पिकलं, त्याच्यावर शापाचं काही चालत नाही."

कमलजा वाड्यावर आली. भावाला भेटली, पण आधी भावजयीकडे गेली.   उशाशी बसली, केसांतून हात फिरवला आणि पक्ष्याचे बोलणे सांगितले.

"वन्सं," यशोमती म्हणाली, "ह्यांचे शिपाई बागेत मोठ्यात मोठा घड बघून हात घालतात. तिथंच चुकतं. मोठा म्हणजे जून नव्हे. कोवळं फळ कितीही थांबलं तरी सुरकुततं, पिकत नाही. डोळे मिटा आणि केळ्याच्या अंगावरून बोट फिरवा. कडेला धार लागली तर कोवळं. धार मोडून अंग गोल झालं असेल, टोकाचं वाळकं फूल नुसत्या बोटानं झडलं, तर तो घड जून. शाप लागायच्या आधी जून झालेला एखादा तरी असेल."

कमलजा बागेत गेली. केळीच्या खोडांभोवती वेटोळे घालून नाग बसला होता. त्याची फणा छत्रीएवढी होती.

"कशाला आलीस?" नागाने विचारले.

"घड उतरवायला."

"जून उतरवलास तर वाट देईन. चुकलीस तर हिरवा हात घेऊन जाशील."

"कबूल आहे," कमलजा म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

तलवार उपसून नागावर धावून जाणारे वीर गोष्टींत ढिगाने सापडतात. मला कौतुक वाटते ते या बाईचे, जिने नागासमोर डोळे मिटले. एका घडापासून दुसऱ्या घडाशी ती जाई, कुठे घाई नाही, कुठे कुरकुर नाही. धार, धार, पुन्हा धार. उन्हे कलली तरी बोट फिरतच होते. बागेच्या टोकाला, एका वाकलेल्या केळीवर, एक लहानसा घड लटकत होता. शिपाई त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. तिचे बोट त्याच्या पाठीवरून गुळगुळीत फिरले. टोकाचे फूल झडले. तिने लांब देठ राखून घड कापला, जमिनीला टेकण्याआधी खांद्यावर घेतला आणि मग डोळे उघडून नागाकडे पाहिले. घडाकडे नाही.

नागाने फणा खाली केली. "बाई, तुझ्याआधी आलेल्या साऱ्यांनी डोळ्यांनी निवडलं होतं," तो म्हणाला आणि वाटेतून सरकला.

घड पदराखाली झाकून आणला तो अंधाऱ्या कोठीत, देठ वर करून तुळईला टांगला. कापल्याबरोबर कोंडला तर चीक आतच मुरतो आणि फळाला डाग पडतात. म्हणून तो निथळू द्यायचा, आणि पाण्याने नाही, कोरड्या फडक्याने टिपायचा. यशोमतीने दारात बसून सांगितले, कमलजेने अंधारात चाचपत केले. पहिले काम झाले.

दुसऱ्या कामासाठी कमलजा साकवावरून नदीपलीकडे गेली. तिथे यशोमतीचे माहेर. तिथे घरोघरी आढ्याला पिवळे घड टांगलेले, गल्लीबोळांत गोड वास. तीन वर्षांत आपल्या भावाच्या राज्यात हा वास नव्हता, हे कमलजेला तिथे उभे राहिल्यावर कळले आणि तिला रडू आले.

यशोमतीची आई पुढे झाली. लेकीचे कुशल विचारण्याआधी तिने विहिणीच्या लेकीला पाणी दिले. तेवढी रीत तिने त्या काळजीतही सोडली नाही. मग सारे ऐकून ती म्हणाली, "एक कशाला, बैलगाडी भरून देते."

"एकच द्या, आईसाहेब. जास्त लपवता यायचं नाही."

"खरं आहे. आणि एक पुरेल. पिकलेलं एक असलं की शंभर कच्ची त्याच्या मागे चालतात." म्हातारी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होते. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी, आणि एक केळे. पिवळे, अंगावर तपकिरी ठिपके पडू लागलेले. "माझ्या लेकीचं ओटीभरण राहून गेलं. नववा महिना लागला तेव्हा येणार होते, आणि मग हे असं झालं. ही तिची ओटी. तुझ्या पदरात घालते, तिच्या मांडीवर सोड. मधे कुठं सोडू नकोस."

कमलजेने पदर पसरला. ओटी घेतली, पदर खोचला, गाठ मारली. पोटाशी धरून ती साकवावरून परत निघाली.

साकवाच्या अलीकडच्या टोकाला राजाची चौकी. तिथला नाकेदार पांढऱ्या मिशांचा, हुकमाचा ताबेदार माणूस. तो आडवा आला. "अक्कासाहेब, मुजरा. पण राजाज्ञा आहे. गाठोडं उघडून दाखवावं लागेल."

"हे गाठोडं नाही. ओटी आहे."

"अक्कासाहेब, हुकूम साऱ्यांना सारखा."

"नाकेदार, ही माहेरची ओटी आहे. तुमच्या राणीची. तिच्या आईनं भरली, तिच्या मांडीवरच सुटेल. तुमची आई पोटुशी असताना तिच्या माहेरची ओटी कुणी चौकीवर सोडायला लावली असती, तर तुमच्या बापानं काय केलं असतं?"

 नाकेदार हुकमाला घाबरणारा होता, पण आईबापांचा मुलगाही होता. त्याने मान वळवली आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. कमलजा त्याच्या पाठीमागून गेली. तेवढ्यात वाऱ्याने पदर हलला आणि वास त्याच्या नाकात शिरला. पिकल्या केळ्याचा वास. नाकेदाराच्या मिशा थरथरल्या. पण तो वळला नाही.

"जा, अक्कासाहेब," तो नदीला म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही."

राजाज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा होते हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी त्याने मान वळवली नसती तर ही गोष्ट इथेच संपली असती. म्हणून माझा त्याला दंडवत.

वाटभर कमलजेला एकच भीती होती. आत अजून पिवळे आहे का? की चौकीवर पदर हलला तेव्हा कुणाची नजर लागली? पदर जरासा सैल केला असता तर कळले असते. तिने नाही केला. भूक होती, उन्हे होती, कुणी बघणारेही नव्हते. ती नुसता पदर नाकाशी नेई, वास घेई आणि पुढे चाले.

कोठीच्या अंधारात ओटी यशोमतीच्या मांडीवर सुटली. राणीने डोळे मिटूनच हात घातला. तांदूळ, नारळ, खण, आणि मग ते मऊ फळ. बोट लावल्याबरोबर तिला कळले. तीन वर्षांत ती पहिल्यांदा हसली. "आईनं आमच्या अंगणातलंच दिलंय," ती म्हणाली.

मग दोघींनी आढी घातली. खाली लाकडी फळी, म्हणजे मातीचा संबंध नको. फळीवर पेंढा, पेंढ्यावर वाळलेली केळीची पाने. घडाच्या फण्या सोडवून एकीला दुसरी दाबणार नाही अशा पालथ्या मांडल्या, कारण दबलेले फळ काळवंडते. मधोमध माहेरचे पिकले केळे. त्यावर पुन्हा पाने, पेंढा, आणि सगळ्यांवर जाड घोंगडी. दुसरे काम पुरे झाले, तिसऱ्याला सुरुवात झाली. तिसरे काम म्हणजे काही न करणे. आणि ते साऱ्यांत कठीण, कारण वाड्यात राजा होता.

राजा पहिल्यांदा आला तो हातात दिवा घेऊन. "अक्का, नुसता एक कोपरा उचलतो."

"दिवा बाहेर ठेव, भानू. आणि तूही बाहेर थांब."

दुसऱ्यांदा आला तो मुकुट घालून. "राजाज्ञा आहे. दार उघड."

कमलजा दाराला पाठ लावून बसली होती, ती उठलीही नाही. "मुकुट डोक्यावर बसण्याआधी तुझ्या डोक्याला तेल लावणारी मी आहे. जा, तुझी आज्ञा दरबारात."

राजा गेला. पण त्याचे पाय कोठीकडेच वळत. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या हळदीने हे सारे झाले होते हे तो जाणत होता, आणि आपण केलेले आपणच निस्तरावे असे त्याला वाटे. फक्त निस्तरणे म्हणजे हात चालवणे एवढेच त्याला माहीत होते.

तिसऱ्यांदा तो धावतच आला. राणीला घेरी आली होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. "अक्का!" तो ओरडला. "आढी बिघडली असली तर? सगळं आत कुजत असलं तर? तू इथं बसून राहशील आणि तिकडे ती जाईल! सर बाजूला!" त्याने बहिणीला दूर सारले आणि घोंगडीला हात घातला.

"थांबा," मागून आवाज आला.

यशोमती भिंतीला धरत आली होती. तिने राजाचे मनगट धरले, घोंगडीवरून उचलले आणि त्याचा हात आपल्या पोटावर ठेवला. आतून एक पाय हलला.

"बाळ कसं आहे?" तिने विचारले.

"आहे," राजा म्हणाला.  "हलतंय."

"उघडून न पाहता कसं कळलं तुम्हाला?"

राजाची नजर घोंगडीकडे गेली.

"मी तीन वर्षं असंच कळून घेतेय," यशोमती म्हणाली. "मला एकदाही वाटलं नसेल का, की पाहावं? आता तोच हात घोंगडीवर ठेवा. नुसता ठेवा."

राजाने हात ठेवला. घोंगडीतून ऊब वर येत होती, झोपलेल्या मुलाच्या अंगाची असते तेवढी. आत काहीतरी चालू होते, त्याच्यावाचून चालू होते. भानुविक्रम राजा खाली बसला. मुकुट काढून त्याने बाजूला ठेवला, राणीचे डोके मांडीवर घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाट पाहिली. हा त्याचा पराक्रम. लढायांचे पोवाडे गाणाऱ्यांनी तो गायला नाही, म्हणून मी सांगतो.

मग एका सकाळी, कोठीच्या दाराखालून वास आला. आधी बारीक, मग ठळक. तो वास स्वयंपाकघरात गेला, तिथल्या बायकांनी हातातली कामे सोडली. तो दरबारात गेला, सेनापतीने हातमोज्यातला हात नाकाशी नेला. तो रस्त्यावर गेला, आणि माणसे घराबाहेर येऊन वर तोंडे करून उभी राहिली. लहान मुले विचारू लागली, "हा कसला वास?" त्यांना तो माहीतच नव्हता.

"हाक आली," कमलजा म्हणाली आणि तिने राजाला सांगितले, "आता तू उघड."

राजाने घोंगडी उचलली. आत साऱ्या फण्या पिवळ्या झाल्या होत्या. त्याचा हात एका गुळगुळीत, डाग नसलेल्या, चकचकीत केळ्याकडे गेला. कमलजेने त्याला अडवले. "दिसायला नको, भानू. ठिपके पडलेलं घे. गोडी त्याच्यात आहे."

ओसरीवर निळा धूर जमा झाला आणि त्यातून धूम्रजटी उभा राहिला. वास त्यालाही पोचला होता. राजाने दोन्ही हातांनी केळे पुढे केले.

"महाराज, मागच्या खेपेला मी हळद लावली होती," राजा म्हणाला. "या खेपेला यात माझं काही नाही. राणीचं ज्ञान आहे, अक्काची मेहनत आहे. मी फक्त थांबलो."

मांत्रिकाने केळे घेतले. देठाला बोट लावले, साल सुटली. त्याने एक घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. सारे राज्य श्वास धरून उभे होते आणि तो सावकाश चावत होता. तेही त्याने जाणूनबुजून केले असावे. साल खाली ठेवून तो म्हणाला, "गोड आहे."

एवढे दोनच शब्द, आणि शाप सुटला. दुधातल्या लोंब्या शेतांत भरल्या आणि वाकल्या. बरण्यांत लोणची मुरली. दही लागले, पीठ फुगून भांड्याबाहेर आले. सेनापतीने हातमोजे काढले. बेहड्याच्या ढोलीची भिंत आतून फुटली आणि धनेशाने तीन वर्षांनी आपल्या बायकोचे तोंड पाहिले, तिच्या मागे ओलसर डोक्याची दोन पिले. आणि आतल्या दालनात यशोमतीने कमलजेचा हात घट्ट धरला, म्हणाली, "वन्सं, वेळ आली."

राजा दाराबाहेर उभा राहिला. दार उघडायला त्याचा हात वर गेला, तिथेच थांबला, खाली आला. तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. तीन वर्षांची वाट पाहून आलेली, आवाजाला खणखणीत.

उरलेल्या फण्या कमलजेने तुळईला टांगल्या, म्हणजे एकावर एक दडपून काळ्या पडू नयेत, आणि नगरात घरोघरी वाटल्या. चौकी उठली. नाकेदाराला बोलावून राजाने स्वतःच्या हाताने एक फणी दिली. कशाबद्दल, ते दोघांपैकी कुणीच बोलले नाही. तेव्हापासून त्या राज्यात पोटुशी बाईच्या ओटीत एक ठिपक्यांचे केळे घालतात. आणि आढी घालणाऱ्या माणसाला, किंवा दिवस गेलेल्या बाईला, "झालं का?" असे कुणी विचारत नाही.

त्या संध्याकाळी राजा पाळण्याशी बसला होता. मुलीने त्याचे बोट धरले होते. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून त्याने कमलजेकडे पाहिले. "अक्का, नाव काय ठेवायचं ठरवलंयस?"

"ते बारशाच्या दिवशी तिच्या कानात सांगेन," कमलजा म्हणाली.

राजाने तोंड उघडले. मग मिटले. मुलीकडे पाहून तो हसला आणि पाळण्याला हलका झोका दिला. बारशापर्यंत त्याने पुन्हा विचारले नाही.

त्यांच्या आढीला जशी ऊब लाभली तशी तुमच्या आमच्या आढीला लाभो, आणि ज्याची त्याची वेळ ज्याला त्याला येवो.